राइन्सबर्गचे स्पिनोझा-घर

हॉलंडमधील राइन्सबर्ग गावातल्या एका लहानशा घराचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. १६५६ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने बहिष्कृत केलेला तत्त्वज्ञ स्पिनोझा १६६१ च्या सुमारास येथे राहावयास आला. भिंगे घासत त्याने लेखन केले. मुक्काम जेमतेम दोन वर्षांचा!

१८९७ मध्ये स्थापन झालेल्या स्मारक संस्थेने १८९९ मध्ये येथे संग्रहालय उघडले. स्पिनोझाच्या मृत्यूनंतर झालेल्या यादीवरून त्याच्या ग्रंथांच्या जुन्या प्रती जमवून संग्रह पुन्हा उभा केला गेला. १९२० मध्ये आइन्स्टाइन येथे येऊन गेले. १९४२ मध्ये नाझींनी हे ग्रंथ लुटून नेले. युद्धानंतर ते परतले.

यादी होती, म्हणून ग्रंथालय पुन्हा उभे राहिले. परमुलखात आपण जमवलेल्या मराठी पुस्तकांचीही यंदा यादी व्हावी, ही सर्व सभासदांना विनंती.