बोर्ड म्हणजे फळी!

'बोर्ड' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं? सोपा प्रश्न वाटतो ना? मग हे बघा. दुकानावर लागतो ती पाटी. वर्गात असतो तो फळा. साखर कारखान्याचं असतं ते संचालक मंडळ. दहावी-बारावीची परीक्षा घेणारंही मंडळच, पण 'मंडळाची परीक्षा आहे' असं कुठल्याच घरात कुणी म्हणत नाही, 'बोर्डाची'च म्हणतात. एसटीच्या कपाळावर गावाचं नाव असतं तोही बोर्ड ("बोर्ड बघून चढ रे!"), नाट्यगृहाबाहेर लागतो तो 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड, आणि चार टाळकी जमली की निघतो तो कॅरम बोर्ड. गंमत म्हणजे आपण त्याची लिंगंसुद्धा वाटून टाकली आहेत. लटकवायचा असेल तर 'तो' बोर्ड, संस्था असेल तर 'ते' बोर्ड!

आणि 'बोर्डात येणं'? हा अर्थ तर खुद्द इंग्रजांनाही कळायचा नाही. गुणवत्ता यादी लागायची त्या काळात 'अमक्याचा मुलगा बोर्डात आला' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. आता यादी लागत नाही, पण वाक्प्रचार टिकून आहे.

इतके सगळे अर्थ एकाच शब्दाच्या पोटात आले कुठून, हा किडा माझ्या डोक्यात बरेच दिवस वळवळत होता. शोधायला लागलो तर उत्तर अगदी साधं निघालं. बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. बस्स. बाकी सगळा इतिहास त्या फळीचं माणसांनी काय काय केलं याचा आहे.

हा शब्द इंग्रजीत हजार-बाराशे वर्षांपासून आहे. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी, आणि जहाजाची बाजूसुद्धा. ती बाजूही फळ्यांचीच असायची. जहाजाच्या जवळ जाऊन त्यावर चढणं (बरेचदा लुटायला किंवा लढायला!) म्हणजे 'बोर्ड' करणं. आज आपण विमानतळावर बोर्डिंग पास हातात घेऊन निमूटपणे रांगेत उभे राहतो, तो शब्द असा समुद्रावरच्या हाणामारीतून आलेला आहे. त्या काळी सुकाणूचं वल्हं जहाजाच्या उजव्या बाजूला असायचं, म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड', म्हणजे सुकाणूची बाजू. यात ताऱ्यांचा काही संबंध नाही. डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणत. वादळात ओरडून हुकूम द्यायचा तर हे दोन शब्द सारखेच ऐकू येणार! शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून 'लारबोर्ड' बंद केला आणि त्याजागी 'पोर्ट' आणला.

आता जमिनीवर येऊ. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जेवायचं टेबल म्हणजे आजच्यासारखं चार पायांचं कायमचं टेबल नसायचं. दोन घोड्यांवर लांब फळ्या टाकायच्या, जेवायचं, आणि जेवण झालं की फळ्या उचलून भिंतीला लावून ठेवायच्या. त्यामुळे जेवणाच्या टेबलालाच 'बोर्ड' म्हणू लागले. मग टेबलावरच्या अन्नालाही बोर्ड. मग पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवणारा तो 'बोर्डर'. आपल्याकडे गावोगावी 'बोर्डिंग ॲण्ड लॉजिंग' अशी पाटी दिसते, त्यातलं बोर्डिंग म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे राहणं. म्हणजे त्या पाटीवर लिहिलेलं आहे फळी, आणि ती पाटी स्वतःही फळीच :)

पेले मांडून ठेवायची फळी ती 'कपबोर्ड'. तिला दारं पुढे लागली. (आपलं 'कपाट' मात्र या कपबोर्डवरून आलेलं नाही बरं का! संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. केदारनाथचे 'कपाट' उघडतात ते म्हणूनच.) पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर दिसत राहिले तर लबाडी करता येत नाही, म्हणून सचोटीच्या व्यवहाराला 'अबव्ह बोर्ड' म्हणतात. घोडागाडीत खुरांनी उडवलेला चिखल अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी म्हणजे 'डॅशबोर्ड'. घोडे गेले, चिखल गेला, फळी मोटारीत आली आणि तिथून संगणकाच्या पडद्यावर. आज मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब ज्या डॅशबोर्डवर आकडे बघतात, तो शब्द मुळात चिखल अडवायचा होता!

इथपर्यंत सगळी गंमत. पण जेवणाच्या फळीतून आणखी एक अर्थ फुटला, आणि तिथे मी थबकलो. ज्या फळीभोवती बसून लोक जेवत, तिच्याभोवतीच बसून निर्णयही घेत. सोळाव्या शतकापर्यंत टेबलाभोवती बसलेल्या मंडळींनाच 'बोर्ड' म्हणू लागले होते. म्हणजे एकाच फळीवरून भाकरीही वाटली जात होती आणि सत्ताही. प्रश्न एवढाच, की फळीपाशी बसायला कुणाला मिळतं?

आपल्याला ती फळी पहिल्यांदा भेटली ती सत्तेची. १७८४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पिटचा कायदा केला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख करायला लंडनमध्ये 'बोर्ड ऑफ कंट्रोल' बसवलं. हिंदुस्थानचं काय करायचं ते सात समुद्रापलीकडच्या एका टेबलाभोवती ठरायचं, आणि तिथे हिंदुस्थानचा माणूस एकही नाही. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं तसं ते बोर्डही गेलं. पुढे १९२८ मध्ये आपल्या क्रिकेटच्या संघटनेचं नाव पडलं तेही 'बोर्ड ऑफ कंट्रोल'च!

मग १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला आणि १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं आली. मत देण्याचा हक्क सुरुवातीला मोजक्या करदात्यांनाच होता, पण टेबल निदान जिल्ह्याच्या गावापर्यंत आलं. माझे आजोबा शेवटपर्यंत 'लोकल बोर्डाची शाळा' असंच म्हणत. १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, तरी त्यांच्या जिभेवरचं बोर्ड काही हललं नाही.

सत्तेची फळी अशी हळूहळू खाली येत होती. भाकरीच्या फळीचं काय?

आपल्याकडे जेवायला एक लांब फळी नव्हतीच. प्रत्येकाचा पाट वेगळा. पाट म्हणजे फळीच, पण एका माणसापुरती. पंगत असायची, आणि कुणाच्या पंगतीला कोण बसणार हे जातीने आधीच ठरलेलं असायचं. लग्नातही हीच फळी डोकावते. इंग्रजीत नवरा-बायकोचं नातं 'बेड ॲण्ड बोर्ड'चं, म्हणजे शेजेचं आणि जेवणाच्या फळीचं. आपल्याकडे अनेक जातींत विधवेचं पुन्हा लग्न लागायचं त्याला 'पाट लावणं' म्हणत. दोन्ही भाषांत घरात जागा मिळणं म्हणजे फळीवर जागा मिळणं!

खेड्यातला मुलगा शिकायला शहरात आला तर शाळेत नाव घालता येई, पण तो जेवणार कुठे? कोण त्याला पाट मांडून देणार? ब्राह्मण मुलांना निदान वारावर जेवायची सोय होती. बाकीच्यांचं शिक्षण अडायचं ते भाकरीपाशी.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी नेमकं हे ओळखलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग सुरू झालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०७ मध्ये लिंगायत, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजासाठी वेगळी फळी, कारण तेव्हाचा समाज एका फळीवर जेवायला तयारच नव्हता. पण महाराजांनी निदान फळी तरी टाकली.

त्याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेला एक मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यामुळे त्यांना वसतिगृह सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. ज्याचं पान असं उचललं गेलं, त्याने पुढे काय केलं? १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र काम करायची, आणि एकाच पंगतीला जेवायची. १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. त्या बोर्डिंगला नाव दिलं होतं शाहू महाराजांचं. धान्य संपलं की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतःचे दागिने मोडत, आणि एक दिवस मंगळसूत्रही गेलं.

इंग्रजी शब्दकोशात 'बोर्डिंग'चा अर्थ पैसे देऊन जेवणं-राहणं असा दिलेला असतो. सातारा-कोल्हापूरच्या मराठीत त्याचा अर्थ अगदी निराळा झाला. ज्याच्यासाठी कुठेच पाट मांडला जात नव्हता, त्याच्यासाठी मांडलेला पाट. शब्द त्यांचा, फळी त्यांची, पण हा अर्थ आपण आपल्या भाकरीची किंमत देऊन त्यात घातलेला आहे. आणि याच बोर्डिंगांतून शिकून बाहेर पडलेली माणसं पुढे लोकल बोर्डात, जिल्हा परिषदेत, कारखान्याच्या बोर्डावर जाऊन बसली. आधी भाकरीची फळी मिळाली, मग सत्तेची. फळी एकच असते म्हणतात ते उगाच नाही.

मराठीत 'फळी'चा आणखी एक अर्थ आहे, तो इंग्रजीतल्या बोर्डाला नाही. आघाडीची फळी, दुसरी फळी, फळी फोडून आत घुसणं. खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली माणसं म्हणजे आपल्याकडे फळी. बोर्डिंगच्या पंगतीत मांडीला मांडी लावून बसलेली ती पोरं मला तरी अशीच एक फळी वाटतात.

तुमच्या घरात कुणी ऐंशी ओलांडलेलं असेल, तर एकदा सहज विचारून बघा, "तुम्ही शिकताना कुठल्या बोर्डिंगात होतात? जेवायला काय असायचं?" उत्तर बहुधा लांबलचक येईल. मध्येच उठू नका.