दिनविशेष : अटलांटिक सिटीतला पहिला कॅसिनो
२६ मे १९७८ : अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, अटलांटिक सिटी येथे ‘रिसॉर्ट्स इंटरनॅशनल’ सुरू झाला. गव्हर्नर ब्रेंडन बर्न यांनी फीत कापली. किनाऱ्यावरच्या लाकडी बोर्डवॉकवर रांगा लागल्या. नेवाडाबाहेरचा हा देशातील पहिला कायदेशीर कॅसिनो.

आज दखल घ्यायची ती नियमांची. परवाना देणारा आयोग वेगळा, तपास करणारी यंत्रणा वेगळी. कॅसिनोच्या उत्पन्नावरील ८ टक्के कर ज्येष्ठ आणि अपंगांसाठी राखीव. म्हणजे कुणी हरावे, तेव्हा कुणाच्या औषधांची सोय व्हावी! पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो उघडले. २०१४ या एकाच वर्षात अटलांटिक सिटीतले चार कॅसिनो बंद पडले. जुगाराच्या महसुलावर डोळा ठेवणाऱ्या सरकारांनी हेही वर्ष ध्यानात घ्यावे.