शार्ङ्गदेवाची व्याख्या आणि अहमदाबादचा मूग

परवा घरी स्पीकरवर 'एनआयडी टेप्स' लावल्या, तर बाबांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "मिक्सर बिघडलाय का रे?" मग म्हणाले, "याला संगीत म्हणतात?" वारज्यात हायवेचे हॉर्न दिवसभर ऐकणाऱ्या माणसाने घुंघुं आवाजाला कंटाळणं समजू शकतं. पण प्रश्न मला सुटेना.

१९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला (मूग हे बनवणाऱ्याचं आडनाव, डाळ नव्हे). गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई वगैरेंनी १९७२ पर्यंत त्यावर प्रयोग केले. टेप पडून राहिल्या आणि थेट २०२३ मध्ये रेकॉर्ड म्हणून निघाल्या. यातल्या गीताबाई पखवाज शिकलेल्या. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला जॉन केजला त्यांनी भारतीय संगीत शिकवलं होतं. म्हणजे हे 'पाश्चात्यांचं खूळ' म्हणून झटकून टाकता येत नाही.

बाबांना नाट्यसंगीत जीव की प्राण. म्हणून त्यांना पेटीची गोष्ट सांगितली. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली ज्यांनी दिल्या, ते गोविंदराव टेंबे नावाजलेले पेटीवादक. आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने त्याच पेटीवर बंदी घातली. कारण? तिचे सूर ठरलेले, मींड निघत नाही, वाद्य परदेशी. ही बंदी सैल व्हायला तीस वर्षं लागली. बाबा म्हणाले, "पेटी वेगळी. ती गोड वाजते."

हा मुद्दा खरं तर शार्ङ्गदेवाचा. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या दरबारी हिशेबाचं खातं सांभाळणाऱ्या या माणसाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. (नोकरी सांभाळून रात्री हे करणारे आम्ही पहिले नाही.) त्याच्या मते जो ध्वनी आपणहून ऐकणाऱ्याचं मन रंजवतो, तो स्वर. या कसोटीवर टेपांमधले बरेच तुकडे नापास होतात, हे मी कबूल करतो. काही मलाही रटाळ वाटतात. पण त्याच ग्रंथात गीत, वाद्य आणि नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हटलंय. त्या हिशेबाने तंबोरा घेऊन बसलेला गवईसुद्धा अपुराच. आपण ती व्याख्या कधीच गुपचूप बदलून घेतली, तेव्हा कुणी ओरडलं नाही.

हे ऐकून बाबा थोडे गप्प झाले.

"बरं, लाव परत," म्हणाले. "पण आवाज कमी."