कुर्ल्याचे इंजिन आणि दाबाची मर्यादा
वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना घाटकोपरला लागून असलेल्या कुर्ल्यात होता. फियाट 1100 आणि पुढे पद्मिनी तिथेच तयार होत. पद्मिनीचे इंजिन 1,089 सीसीचे. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. क्रँकशाफ्टला तीनच मेन बेअरिंगे. टॅक्सीवाल्यांनी ते वर्षानुवर्षे दामटले तरी टिकले, कारण ताकदच बेताची, सुमारे 40 अश्वशक्ती.

अशा इंजिनात जळणाचा कमाल दाब 50 बार धरला, तर एका पिस्टनवर सुमारे 1,800 किलोचा भार येतो. टर्बोचार्जरने दुप्पट हवा कोंबली की तो साडेतीन टनांच्या घरात जातो. मग हेड किंचित उचलले जाऊन गॅस्केट उडते. नॉकिंग सुरू झाले तर पिस्टनच्या रिंगांमधली कड तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-दोन सिलिंडरांमागे आधार असलेली क्रँक लवते, ते वेगळेच.

ओतीव लोखंडी ब्लॉक मात्र भलता चिवट. बीएमडब्ल्यूने रस्त्यावरच्या गाडीच्या तशाच ब्लॉकवर दीड लिटरचे टर्बो इंजिन बेतले आणि 1983 मध्ये त्यावर नेल्सन पिके फॉर्म्युला वनचा विजेता ठरला. अर्थात त्या क्रँकला बेअरिंगे पाच होती.