सात हजार डॉलरचे कालयंत्र

विज्ञानकल्पनेवरचा चित्रपट म्हटला, की भव्य देखावे, संगणकाने घडविलेली दृश्ये आणि कोट्यवधींचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. शेन कॅरुथ या अमेरिकी तरुणाने २००४ साली हा समज खोटा ठरविला. कालप्रवासावरील त्याच्या ‘प्रायमर’ या ७७ मिनिटांच्या चित्रपटाच्या निर्मितीचा खर्च अवघा सात हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे सव्वातीन लाख रुपये होता. त्यात डोळे दिपविणारे एकही दृश्य नाही. घरामागचे गॅरेज, भाड्याचे गोदाम, हॉटेलची एक खोली आणि अखंड बोलणारे दोन मित्र, एवढेच त्याचे भांडवल.

यंत्राचे गणित

नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात गॅरेजमध्ये प्रयोग करणाऱ्या ॲरन आणि एब या दोन अभियंत्यांची ही कथा. वस्तूचे वजन कमी करणारे उपकरण बनविण्याच्या खटपटीत त्यांच्या हाती अनपेक्षितपणे कालयंत्र लागते. त्यासाठी लागणारे तांबे जुन्या फ्रिजच्या नळीतून आणि पॅलॅडियम मोटारीच्या सुट्या भागातून मिळविलेले असते.

या यंत्राचे नियम काटेकोर आहेत. सकाळी यंत्र सुरू करायचे, दिवसभर कोणाच्याही दृष्टीस न पडता हॉटेलात बसून राहायचे आणि दुपारी यंत्रात शिरायचे. सहा तास मागे जायचे असेल, तर सहा तास आत पडून राहावे लागते. बाहेर येतो तो सकाळच्या, यंत्र सुरू झाले त्या क्षणी. त्याआधीच्या काळात जाता येत नाही. मात्र पुढचे सहा तास एकाच माणसाची दोन रूपे जगात वावरत असतात. शेअर बाजारात पैसे मिळविण्यापुरता दोघे या यंत्राचा उपयोग करतात, तोवर सारे सुरळीत चालते. पुढे एकाने दुसऱ्यापासून लपविलेले जादा यंत्र उघडकीस येते आणि मैत्रीची जागा संशय घेतो. ‘प्रायमर’ची खरी शोकांतिका ही आहे. समोरचा मित्र आपल्याशी हे संभाषण पहिल्यांदाच करीत आहे की नाही, याची खात्रीच उरत नाही.

काटकसरीची शिस्त

कॅरुथ गणिताचा पदवीधर आणि पेशाने सॉफ्टवेअर अभियंता. चित्रपटनिर्मितीचे औपचारिक शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती, संकलन आणि संगीत ही सारी कामे त्याने स्वतः केली. मनाजोगता नट मिळेना, तेव्हा ॲरनची भूमिकाही त्यानेच केली. एबच्या भूमिकेत डेव्हिड सुलिव्हन होता. आप्त आणि मित्र मदतीला होते.

टेक्सासमधील डॅलसच्या परिसरात सुमारे पाच आठवडे सुपर १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रीकरण झाले. फिल्म महाग असल्याने प्रत्येक दृश्याचा आराखडा आधीच कागदावर रेखाटण्यात आला. चित्रित झालेले जवळजवळ सारेच अंतिम चित्रपटात वापरले गेले, इतकी ही काटकसर होती. ट्यूबलाइटच्या उजेडात उमटलेल्या हिरवट-पिवळ्या रंगछटेमुळे प्रयोगशाळेचे वातावरणही आपसूक साधले.

पुढची मजल अधिक कठीण ठरली. संकलनादी कामांत जवळपास दोन वर्षे गेली. या काळात अनेकदा चित्रपट सोडून देण्यापर्यंत पाळी आली होती, असे कॅरुथने नंतर सांगितले. सात हजारांच्या आकड्यात या दोन वर्षांच्या श्रमांची किंमत धरलेली नाही, हे विसरता येत नाही.

प्रेक्षकांपर्यंतची वाट

छोट्या चित्रपटाची खरी कसोटी तो पूर्ण झाल्यावर लागते. मोठी जाहिरात नाही, ओळखीचा चेहरा नाही, अशा वेळी महोत्सव हाच दरवाजा असतो. जानेवारी २००४ मध्ये सनडान्स महोत्सवात ‘प्रायमर’ने कथापटांसाठीचा परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार पटकावला. विज्ञानविषयक चित्रपटासाठीचा आल्फ्रेड पी. स्लोन पुरस्कारही त्याला मिळाला. थिंकफिल्म या कंपनीने वितरणाचे हक्क घेतले आणि ऑक्टोबरमध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. तेथील चित्रपटगृहांतून त्याने सुमारे सव्वाचार लाख डॉलर मिळविले. बड्या चित्रपटांच्या तुलनेत हा आकडा किरकोळ असला, तरी तो निर्मितीखर्चाच्या सुमारे साठपट होता.

डीव्हीडी आल्यावर चित्रपटाला दुसरे आयुष्य लाभले. एकदा पाहून उलगडा होत नाही, ही त्याची अडचणच आकर्षण ठरली. कोणता ॲरन कोणत्या क्षणी कुठे आहे, याचे तक्ते प्रेक्षकांनी स्वतः तयार केले आणि एकमेकांना दाखविले. २०१३ मध्ये आलेल्या ‘अपस्ट्रीम कलर’ या दुसऱ्या चित्रपटाचे वितरण कॅरुथने स्वतःच केले.

पुढचे धडे

साधने पुढे आणखी स्वस्त झाली. जपानमधील क्योटो शहरातील युरोप किकाकू या नाट्यसंस्थेचा ‘बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स’ (२०२०) हा कालप्रवासपट तर मोबाइल फोनवर चित्रित झाला. दोन मिनिटांनंतरचे भविष्य दाखविणारा कॅफेतील पडदा, एवढ्याच कल्पनेवर तो उभा आहे. दोन्ही चित्रपटांत यंत्राचा नियम आधी ठरविण्यात आला आणि मग तो शेवटपर्यंत पाळण्यात आला. नियम पक्का असला, तर प्रेक्षक साध्या पेटीलाही कालयंत्र मानतो. या कामाला पैसा थोडा पुरतो, विचार मात्र फार लागतो.