मद्रासची मासोळी

मद्रासच्या किनाऱ्यावरच्या ‘मसूला’ होडीचं नाव मराठी आहे, असं 1803 साली तिथं उतरलेल्या जॉन लेडन या स्कॉटिश भाषापंडिताचं मत होतं. मसूला म्हणजे आपली मासोळी! ‘हॉब्सन-जॉब्सन’ या 1886च्या कोशात हे वाचलं आणि त्या होडीनं मला झपाटलं.

मद्रासला इंग्रजांचं ठाणं 1639चं, पण बांधीव बंदराचं काम 1875च्या सुमाराचं. तोवर जहाजं दूर नांगर टाकत आणि माणसं, माल मसूल्यातून किनारा गाठत. खरी कसोटी शेवटच्या उथळ पट्ट्याची. तिथं लाट तळामुळं मंदावते, उंच होते, फुटते. दोन लाटांमधल्या खळग्यात होडी वाळूवर आदळते. खिळे ठोकलेली ताठ होडी तिथं खिळखिळी होते. मसूल्याला खिळा नाही, आत फासळ्या नाहीत. फळ्या काथ्यानं शिवलेल्या. धक्का बसला की फळ्या लवतात आणि तो जिरतो. 1673 मध्ये डॉक्टर जॉन फ्रायरनं नेमकं हेच टिपलं: दहा वल्हेकरी, मागचे दोघे वल्ह्यानंच दिशा देणारे, सांध्यांत राळ, आणि लाटेपुढं नमणारं अंग.

आता नावाचा तंटा. बिशप हेबरनं 1826 मध्ये ते हिंदुस्थानी ‘मछली’वरून आल्याचं सांगितलं. दुसरा तगडा दावेदार मछलीपट्टण. इंग्रज त्याला मसुलीपटम म्हणत, आणि फ्रायरही मद्रासआधी तिथंच उतरला होता. पण ही होडी काही त्या एकाच गावची नव्हे; अख्ख्या कोरोमंडलावर ती चाले. तमिळ नाव ‘सलंगु’. पाँडिचेरीच्या फ्रेंचांनी त्याचंच ‘शेलिंग’ केलं. म्हणजे मसूला हे नाव बाहेरून आलेल्यांनी चिकटवलेलं, हे मला पक्कं वाटतं. ‘मछली’तल्या ‘छ’चा ‘स’ होऊ शकतो, हे मसुलीपटमवरून दिसतंच; पण ‘मासोळी’चा ‘ळ’ इंग्रजी कानाला ‘ल’ ऐकू येणं मला त्याहून सोपं वाटतं.

एक अडचण उरते: मराठी शब्द या किनाऱ्यावर पोचला कसा? व्यंकोजीराजे तंजावरात आले ते फ्रायरनंतर, तेव्हा श्रेय तंजावरकर मराठ्यांना देता येत नाही. पण 1638 नंतर शहाजीराजे बंगळूरला होते. त्यांच्या फौजेबरोबर आलेल्या मराठी कारकुनांनी आणि व्यापाऱ्यांनीच ही मासोळी पूर्व किनाऱ्यावर सोडली असणार. मी तरी त्याच बाजूचा.