डॉट कॉम, डॉट एई की अरबी शेपूट?

मंडळी, या विकांताचा विषय आमच्या धंद्यातला आहे, पण इतिहासाच्या वाटेने जाऊ.

माझं गाव पडघा. भिवंडीच्या पुढे, मुंबई-नाशिक हायवेवर. हल्ली तिकडे बघाल तिथे गोदामं. तिथूनच आखाती देशांत माल पाठवणाऱ्या एका शेजाऱ्याने परवा फोन केला. "भाऊ, अरबी भाषेत साइट काढतोय. डॉट कॉम घेऊ, डॉट एई घेऊ की अरबी अक्षरांतलं शेपूट घेऊ? गूगलवर वर काय दिसतं?" एक एजंट त्याला अरबी शेपटाचं नाव भरपूर पैसे घेऊन विकत होता, वर पहिल्या पानाची हमी! आता ही हमी किती खरी, हे कळायचं तर शेपटं आली कुठून ते बघायला हवं.

1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएस मांडली. आकड्यांचे पत्ते माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं. 1985 पासून डॉट कॉम सुरू झालं. देशांना दोन अक्षरं द्यायची ठरली तेव्हा जॉन पोस्टेल यांनी आयएसओ 3166 ही तयार यादी उचलली. कुठला प्रदेश देश आहे आणि कुठला नाही, या भानगडीत त्यांना पडायचंच नव्हतं. थोडक्यात, शेपूट म्हणजे पिन कोड. पिन कोड बघून कोणी दुकान चांगलं की वाईट ठरवत नाही.

आपल्याला डॉट इन 1989 मध्ये मिळालं. बरीच वर्षं त्याचा कारभार कुठून चालायचा माहितीये? आपल्या जुहूहून, एनसीएसटी या सरकारी संस्थेतून. नियम इतके कडक की 1992 ते 2004 या काळात जेमतेम 7000 नावं नोंदली गेली. 2005 मध्ये निक्सीकडे कारभार गेला आणि दारं उघडली. पण तोवर आपल्या कंपन्यांना डॉट कॉमची सवय लागून गेली होती. ती अजून सुटलेली नाही.

या सगळ्यात एक गोष्ट राहून गेली होती, लिपी. नावात फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि छोटी आडवी रेघ चालायची. 2003 मध्ये यावर तोड निघाली. तुम्ही अरबी किंवा देवनागरीत नाव टाइप करा, ब्राउझर ते 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन सांकेतिक नावात बदलतो. मशीन अजूनही रोमनच वाचतं, फक्त आपल्याला दिसत नाही. :)

शेपटं बदलायला मात्र 2010 उजाडलं. त्या मे महिन्यात रोमन सोडून इतर लिपीतली पहिली तीन देशशेपटं सुरू झाली. इजिप्त, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात. तिन्ही अरबी! 2013 मध्ये नव्या सर्वसाधारण शेपटांची पहिली तुकडी आली, त्यातही एक अरबी होतं, 'शबका', म्हणजे जाळं. आपलं डॉट भारत 2014 च्या ऑगस्टमध्ये आलं, त्यात मराठीही होती. भारताचं उर्दू लिपीतलंही शेपूट आहे. पण ते अरबी साइटला चालेल असं समजू नका. उर्दूचा काफ आणि अरबीचा काफ शब्दात जवळजवळ सारखेच दिसतात, पण युनिकोडमध्ये ती दोन वेगळी अक्षरं आहेत. चुकीच्या कीबोर्डवरून टाइप केलं की पत्ता सापडणारच नाही.

आता मूळ प्रश्न. गूगलने 2015 मध्येच स्पष्ट केलं की नव्या शेपटांना, त्यात इतर लिपीतलीही आली, शोधात वेगळा फायदा नाही आणि तोटाही नाही. शेपटात शब्द आहे म्हणून कोणी वर चढत नाही. देशाचं शेपूट मात्र एक गोष्ट सांगतं, ही साइट त्या देशातल्या लोकांसाठी आहे. म्हणून फक्त दुबई-अबू धाबीचं गिऱ्हाईक असेल तर डॉट एई. सौदी, कुवेत, ओमान सगळेच हवे असतील तर साधं डॉट कॉम, त्यात अरबी पानांचा वेगळा विभाग, आणि कुठलं पान कोणत्या भाषेचं हे सांगणारा एचरेफलँग टॅग. डॉट कॉम अमुक देशासाठी आहे असं गूगलला सांगायची सोय पूर्वी होती, ती 2022 मध्ये बंद झाली.

खरी मेहनत मजकुरात आहे. अरबीत 'प' नाही, पाकिस्तानचं 'बाकिस्तान' होतं. 'भ' नाही, 'ड'ही नाही. म्हणजे पडघ्याचं साधारण 'बादग़ा' होणार आणि भिवंडीचं 'बिवंदी'. तिकडचा माणूस तुमचं नाव कसं लिहून शोधेल, हे एखाद्या अरबी येणाऱ्याला विचारा आणि तेच स्पेलिंग पानावर ठेवा. एजंटाच्या हमीपेक्षा याचा उपयोग जास्त.

आणि एक. शेपूट ज्या देशाचं, नियम त्या देशाचे. 2010 मध्ये लिबियाने आपल्या डॉट एलवायवरचं, पत्ते लहान करून देणारं 'व्हीबी डॉट एलवाय' हे नाव आपल्या कायद्यात बसत नाही म्हणून काढून घेतलं. चालती साइट होती ती. त्याच वर्षी युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू मूळ यादीतूनच गेलं, कारण देशच उरला नव्हता.

देश तर लांबच राहिले, आपल्याकडे नाव हातचं जातं ते बहुतेक वेळा घरच्या घरी. साइट बनवणारा स्वतःच्या नावावर नोंदणी करतो, स्वतःचा ईमेल देतो, आणि दोन वर्षांनी फोन उचलत नाही. तोवर ते नाव व्हिजिटिंग कार्डावर, खोक्यांवर आणि तिकडच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जाऊन बसलेलं असतं. तेव्हा शेपूट कुठलंही घ्या, नोंदणी स्वतःच्या नावावर, ईमेल स्वतःचा, आणि नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर!